शेपटीचा नियम

चिकूच्या वाड्या डहाणूत गल्लोगल्ली आहेत आणि वाडीवाल्यांचा वटवाघळांवरचा राग पिढीजात आहे. पण स्वतःची चिकूची वाडी असताना स्वतःच वटवाघूळ झालेला माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा दीर आहे. पूर्वी हे मी कोणाला सांगत नसे. माहेरी सफाळ्याला कोणी विचारलं, ‘तुझे भाऊजी काय करतात गं?’ तर ‘वाडी बघतात’ एवढंच सांगून मी विषय बदलायचे. आता मात्र मी होऊन सांगते, समोरच्यानं विचारलं नसलं तरी सांगते, आणि मोबाइलवरचा फोटोही दाखवते. फोटोत साडेपाच फुटांचं एक तपकिरी, केसाळ वटवाघूळ आमच्या पडवीत पाट मांडून बसलेलं आहे आणि बशीतून चहा पितं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जगात काही लोकांना माणसासारखे बोलणारे, चालणारे, रुसणारे प्राणी फार आवडतात. ते त्यांची चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, स्वतःसाठी असा एखादा प्राणी ठरवून घेतात, आणि ज्यांना हौस दांडगी ते डोक्यापासून पायापर्यंतचा केसाळ पोशाख शिवून त्या प्राण्याच्या रूपात हिंडतात. या लोकांना फरी म्हणतात. हे सगळं मला माझ्या दिरानं सांगितलं, तेही मी चिकू निवडत बसले असताना, एका दमात, आणि शेवटी म्हणाला, “वहिनी, मी फरी आहे.” हाताला चीक लागलेला, त्यामुळे कपाळावर हातही मारून घेता येईना. मी म्हटलं, “बरं. जेवायला किती वाजता वाढू?” यावर तो इतका खूश झाला की त्या दिवशी त्यानं चार पोळ्या जास्त खाल्ल्या. त्याला वाटलं, मी समजून घेतलं.

मुळात हे खूळ लागलं आमच्या ह्यांच्यामुळे. पिकायला आलेल्या फळांवर वटवाघळं तुटून पडायची, म्हणून ह्यांनी धाकट्या भावाला रिकामा डबा आणि काठी देऊन रोज संध्याकाळी वाडीत पिटाळलं. डब्याचा आवाज पहिले दोन दिवस आला. मग येईना. जाऊन बघते तर हा डबा पालथा घालून त्यावर बसलेला, मान वर, तोंड उघडं. मला म्हणाला, “वहिनी, तोंड बघा त्याचं. कुत्र्याच्या पिल्लासारखं आहे की नाही? आणि खातं कसं सावकाश, अंग चोरून. आपल्या घरात कोणी खातं का असं?” घरात असं कोणी खात नाही हे खरं होतं. त्या वर्षी वाडीच्या कडेची चार झाडं जाळी न टाकता तशीच ठेवली गेली, आणि ह्यांनी कारण विचारलं तेव्हा दिरानं शांतपणे सांगितलं, “त्यांचा वाटा.” माझे यजमान रागीट नाहीत, पण त्या दिवशी ते जेवणाच्या ताटावरून उठून ओट्यावर जाऊन बसले होते.

मग पोशाख. केसाळ कापड मुंबईहून आलं, डोकं जुन्या गादीच्या फोममधून कोरलं गेलं, डोळ्यांना डासांची जाळी लागली आणि पंखांसाठी घरातल्या तीन छत्र्या कामी आल्या. त्यातली एक माझ्या लग्नातली होती. शिवायचं काम डहाणू रोडच्या एका टेलरकडे दिलं. त्याचा सगळा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेला. त्यानं वटवाघळाचं माप घेताना एकही प्रश्न विचारला नाही, फक्त शेवटी चष्मा वर करून आपल्या गुजराती-मराठीत म्हणाला, “शेठ, पंखाला खिसा ठेवू काय? मोबाइल कुठे मूकशो?” खिसा ठेवला आहे. आजही त्या उजव्या पंखात मोबाइल, रुमाल आणि पित्ताच्या गोळ्या असतात.

हा पोशाख धुणं हा आमच्या घरातला एक सोहळाच आहे. रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, पिळायचा नाही, उन्हात नाही सावलीत वाळवायचा, आणि वाळला की कुत्र्याच्या ब्रशनं विंचरायचा. वाळत घालताना पाय वर, डोकं खाली. मी म्हटलं, अहो भाऊजी, पाणी डोक्यात उतरेल ना, तर म्हणाला, “वटवाघूळ आहे, वहिनी. त्याला सवय असते.” गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस एकदा मागच्या अंगणातून आला आणि सिलिंडर तिथंच टाकून निघून गेला. तेव्हापासून तो फाटकाबाहेरूनच हाका मारतो.

पण हे सगळं परवडलं. त्याचं रजिस्टर परवडलं नाही. मुळात माणूस काटेकोर. चिकूसुद्धा असे निवडतो की एका क्रेटमधलं फळ दुसऱ्यापेक्षा उजवं-डावं निघत नाही. तीच सवय त्यानं इथं आणली. फरी कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही, याचा निकाल लावण्यासाठी त्यानं लाल कापडी पाठीचं एक मोठं रजिस्टर घेतलं आणि पहिल्याच पानावर नियम लिहिला: केस, पिसं, खवले किंवा शेपूट, यांपैकी निदान एक गोष्ट हवी. नसेल तर तो जीव ‘ह्युमनॉइड’, म्हणजे माणूस नाही पण दिसायला माणसासारखा, आणि असल्यांची जागा आपल्यात नाही. मग खाली एकेक प्रकरण. मत्स्यकन्या: कमरेखाली मंजूर, कमरेवर नामंजूर. घोड्याचं तोंड असलेला माणूस: मंजूर. माणसाचं तोंड असलेला घोडा: विचाराधीन. हडळ: पाय उलटे असणं म्हणजे प्राणी असणं नव्हे, नामंजूर. परग्रहावरचे हिरवे लोक: कातडी खवल्यांची असल्यास मंजूर, गुळगुळीत असल्यास नाही. मी एकदा मुद्दाम देवांचं नाव काढलं, तर त्यानं कानाला हात लावला आणि म्हणाला, “देवांना यात ओढायचं नाही. ते नियमाच्या वर.” निदान एवढं भान होतं हे त्यातल्या त्यात बरं.

हळूहळू त्याच्यासारखी आणखी पाच डोकी जमली. डहाणू-तलासरी मिळून सहा फरी म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ते आमच्या वाडीत जमतात आणि चहा माझ्याकडे असतो. डहाणू रोडच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर हा कोल्हा. अच्छाडच्या नाक्यावर ढाबा चालवणारे एक सव्वाशे किलोंचे गृहस्थ हे अस्वल. त्यांना पोशाखाची तशी फारशी गरज नाही, पण ते घालतात. बोलणं निम्मं गुजराती, निम्मं हिंदी आणि उरलं तर मराठी. येताना ढाब्यावरून भज्यांचं पुडकं आणतात आणि पडवीत पाऊल टाकताच म्हणतात, “भाभी, रीछ आला. चाय मूको!” बाकीचे तिघे अजून बुजरे आहेत, नुसतेच कान लावून बसतात. या सगळ्यांचा प्रमुख माझा दीर. त्याला प्रमुख कोणी केलं हे मी कधी विचारलं नाही. रजिस्टर त्याच्याकडे होतं, एवढं पुरे झालं असावं.

या मंडळींचं एक मोठं स्वप्न होतं. मुंबईला अशा लोकांचा एक मेळावा भरतो. तिथं गावोगावचे गट आपापल्या नावाचा फलक घेऊन, पोशाख घालून, रांगेनं फिरतात. दोन वर्षं माझा दीर त्या रांगेचं नाव काढून डोळे मिटत होता. यंदा पहिल्यांदाच निमंत्रण आलं. प्रत्येक गटाच्या प्रमुखानं आपल्या लोकांची यादी सही करून पाठवायची होती. दिरानं पंखांचं कापड बदललं, ब्रशही नवा आणला. ह्यांनीसुद्धा, कोणाला न सांगता, त्याच्यासाठी प्रवासाची नवी बॅग आणून ठेवली.

त्याच महिन्याच्या रविवारी कमल आली.

कमल तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. वय पंचविशी ओलांडलेलं, तलासरीत बायकांना शिवण शिकवते. कोल्ह्यानं तिला आमच्या गटाबद्दल सांगितलं होतं. इको गाडीत माणसांच्या मांड्यांवर ठेवून आणलेलं भलंमोठं बोचकं तिनं पडवीत सोडलं आणि आत जाऊन ते अंगावर चढवून बाहेर आली. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते ती तशीच राहिले. समोर एक उंच बाई उभी होती. अंगावर मातीच्या, गवताच्या, शेवाळाच्या रंगाचे बोटाएवढे कापडाचे तुकडे एकावर एक शिवलेले. हात गुडघ्यांपर्यंत. कान खांद्याला टेकलेले. आणि तोंड कागदाच्या लगद्याचं, पण माणसाचंच. डोळे मात्र कानांच्या दिशेनं लांबत गेलेले, जणू तिला दोन्ही बाजूंचं एकदम दिसतंय. अस्वल भजं खायचं विसरलं.

“ही कोण?” दिरानं विचारलं.

“ही रानात राहते. माणूस नाय,” मुखवट्याच्या आतून कमल म्हणाली. “माणसावानी दिसते, येवढाच.”

“शेपूट?”

“नाय.”

“केस?”

“डोक्यावर हायत ने.”

“ते माणसालाही असतात.” दिरानं तिच्याभोवती एक फेरी मारली, चिकू दाबून बघतात तसं एका तुकड्याला बोट लावून बघितलं, आणि रजिस्टर उघडलं. “काम फार सुंदर आहे. पण हे ह्युमनॉइड झालं. आपल्यात बसत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, नियम सगळ्यांना सारखा.”

कमलनं मुखवटा काढला. चेहरा घामानं भिजलेला, पण आवाज शांत. तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या पाड्यावर बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे, प्राण्यांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. मुखवट्यांची देखभाल तिच्या घराकडे. लहानपणापासून कागद भिजवून लगदा मळणं, मुखवट्यांची डागडुजी करणं, ते रंगवणं हे तिनं केलं. पण सोंग घ्यायचं ते पुरुषांनी. बाई सोंग घेत नाही. “माझा त्याच्यावर राग नाय, काका. त्यांचा त्यांना. पण ही बाई मी दोन वर्षं शिवली. ती कुठंतरी चालाय पायजे ने? तिकडं मी बाई म्हणून नाय, इकडं हिला केस नाय म्हणून नाय. मग हिनं जायचा कुठं?”

 माझ्या दिरानं रजिस्टरमध्ये ‘नामंजूर’ लिहिलं, आणि तेही नेहमीपेक्षा बारीक अक्षरात. कमलनं अर्धा चहा ठेवला आणि बोचकं उचलून गेली.

मी स्वभावानं फटकळ आहे, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी फटकळपणा केला नाही. मी बोलणंच टाकलं. चहा केला, पण बिनसाखरेचा, आणि समोर आणून आपटला. भाजीत मीठ होतं का म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, “रजिस्टरात बघा.” चौथ्या दिवशी ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “अगं, तो मागच्या खोलीत मशीन घेऊन बसलाय. काहीतरी शिवतोय. जेवायलाही आला नाही.” मी गेले. दिरानं मान वर न करता विचारलं, “वहिनी, तलासरीला येता का माझ्याबरोबर? स्कूटरवर जाऊ. मी मार्ग काढलाय.” आणि त्यानं मार्ग मला दाखवला. ती एक शेपूट होती. हातभर लांब, तपकिरी, टोकाला झुपका, त्याच्या स्वतःच्या पोशाखातल्या उरलेल्या कापडाची, आणि आत तार घातलेली, म्हणजे हवी तशी वळवता येईल.

“ही लावली की झालं,” तो म्हणाला. “नियमही राहतो आणि ती पण येते.”

माणूस मनानं किती भाबडा असावा याला काही मर्यादा! पण चार दिवस तो नुसता झुरला होता हे मला दिसत होतं, म्हणून मी पदर खोचला आणि स्कूटरवर बसले. मांडीवर पिशवी, पिशवीतून झुपका बाहेर. हायवेवर शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या क्लीनरनं खाली वाकून त्या झुपक्याकडे बघितलं आणि काय आहे म्हणून हातानं खूण करून विचारलं. मी तोंड फिरवलं.

कमल शिवणवर्गाहून यायची होती. ओटीवर तिचे वडील एकटेच बसले होते आणि त्यांच्यापुढे भिंतीच्या कडेनं मुखवटे मांडलेले होते. बोहाडा जवळ आला होता, रंग देण्याचं काम चाललं होतं. राक्षस, देवी, डुक्कर, पुन्हा राक्षस, आणि त्यांच्या हातात वाघ. माझा दीर तिथं उकिडवा बसला आणि पिशवीचं विसरूनच गेला. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, “बाबा, वाघाला शेपूट कुठे बांधता?”

“आमच्या वाघाला कुठं हाय शेपूट?” म्हातारा पिवळा रंग ओढत म्हणाला.

“शेपूट नाही? मग वाघ आहे हे कळतं कसं?”

“नाचतो तवा कलतं. पोरां पलतात ने.” आणि मग जरा थांबून, “माणसां पण पलतात.”

मी दिराकडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते. मनातल्या मनात रजिस्टर उलटत असावा. तेवढ्यात कमल आली. आम्हाला बघून ती दचकली, पण दिरानं घाईघाईनं पिशवीतून शेपूट काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. “ही लाव. बाकी काही बदलू नकोस. मी आजच सही करतो.”

कमलनं शेपूट हातात घेतली, उलटसुलट करून टाके बघितले. शिवणबाईच ती. “टाका चांगला हाय, काका,” ती म्हणाली आणि परत दिली. “पण माझ्या बाईला शेपूट नाय. लावली तर ती दुसरीच कोण होल.”

यावर तिचे वडील हसले. “अवो, त्या खेलाच्या मागं येवढ्या लांब आले तुम्ही? तो काय सोंग नाय. आमच्या रांगेत असला कोण नाय. बापजाद्यांनी बघितला नाय. आन बाई सोंग घेत नाय.”

आणि इथं माझ्या दिराचं जे काय झालं ते झालं. तो ताडकन उभा राहिला. “खेळ? याला खेळ म्हणता बाबा? तुम्ही तिचे हात बघितलेत? दोन हजार तरी तुकडे असतील, प्रत्येकाचा रंग वेगळा. ती पडवीत आली तेव्हा आमचं अस्वल खायचं थांबलं, आणि ते कशानंच थांबत नाही! रांगेत बसत नाही म्हणून काय ती कोणी नाही? रांग काय आभाळातून पडते? कोणीतरी पहिल्यांदा…”

आणि तो थांबला. हातात शेपूट तशीच. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, कमल बघत होती, मीही बघत होते. आपण कोणाशी भांडतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं तो क्षण मला त्याच्या कानांवर दिसला, लालभडक झाले.  वाघ खाली ठेवून म्हाताऱ्यानं आम्हाला पाणी दिलं.

परत येताना दीर स्कूटर नेहमीपेक्षा सावकाश चालवत होता. फाटकाशी स्कूटर बंद करून म्हणाला, “वहिनी, मी पण तिला हेच म्हणालो होतो ना?”

“शब्दन् शब्द,” मी म्हटलं. आणि मग मला राहवलं नाही, त्याच्या पाठीवर एक हलकी थाप मारून सांगितलं, “चला, चहा टाकते. साखर घालून.”

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं, गटापुढे स्वतःचा नियम स्वतः वाचला आणि म्हणाला, हा चुकीचा आहे. माणसानं आपली चूक कबूल करताना आवाज खाली घ्यावा अशी रीत आहे. यानं तो वर चढवला. नवीन नियम त्यानं असा मांडला: जो आपण नाही असा एखादा जीव जो कोणी मनापासून अंगावर घेतो आणि निभावतो, तो आपला, केस मोजायचे नाहीत. कोल्हा म्हणाला, “पण शेठ, मग उद्या कोणीही भुताचा मुखवटा लावून येईल. आपल्यात आणि इतरांत फरक काय राहिला?” प्रश्न अगदी बरोबर होता. दिरानं विचार केला आणि म्हणाला, “येऊ दे. निभावतो का बघू. नाही निभावलं तर चहा पिऊन जाईल.” अस्वलानं भज्यांचं पुडकं वर करून सांगितलं, “आपण तर पहिल्या दिवशीच हां बोललो होतो. मोठी बाई आहे, आपल्या बाजूला उभी राहिली तर आपण बारीक दिसू.” ठराव मंजूर झाला. यादीत सातवं नाव गेलं.

मुंबईहून आठ दिवसांत उत्तर आलं. भाषा अतिशय गोड. सहा पात्रं स्वीकारली आहेत. सातवं ह्युमनॉइड असल्यामुळे रांगेत घेता येत नाही. मात्र संबंधित व्यक्तीनं प्रेक्षक म्हणून अवश्य यावं. दिरानं ते मोबाइलवर दोनदा वाचलं. त्याची दोन वर्षं मला ठाऊक होती, नवी बॅग कपाटावर होती, पंखाला नवं कापड होतं. आता हा काय करतो या काळजीनं मी हातातलं काम ठेवून बसले. तो म्हणाला, “वहिनी, तुमचं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे. लिहा.” आणि त्यानं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं: ‘आमच्यात सात जण आहेत. आले तर सातच्या सात येतील. नाहीतर सातही जण आमच्या वाडीत चहा पितील. आपल्या मेळाव्याला शुभेच्छा.’ खाली सही. मग तो उठला, पोशाख घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि चिकू निवडायला गेला. त्या दिवशी त्यानं लहानमोठी फळं एकाच क्रेटमध्ये टाकली, आणि ह्यांनी ती पुन्हा निवडली.

मुंबईचं मन बदललं नाही. मेळाव्याचा रविवार उजाडला तसा अच्छाडहून फोन आला. “भाभी, तुमच्या देवरला सांगा, रीछ निघाला आहे. मुंबईला नाही जायचं तर काय झालं? आपल्या गावात रस्ते नाहीत काय?” अकरा वाजता सगळे हजर. कमल आली आणि तिच्या मागून, इकोतून सगळ्यात शेवटी, तिचे वडील उतरले. कोणी बोलावलं होतं ठाऊक नाही. ते फाटकाशी हात मागे बांधून उभे राहिले, आत आले नाहीत.

आमच्या फाटकापासून नाक्यापर्यंत आणि परत, एवढीच ती रांग. कमलच्या मुखवट्याला बघण्यापुरती भोकं अगदी बारीक, तिला पायाखालचं दिसत नव्हतं. कोणीतरी पुढं राहून रस्ता सांगायला हवा होता. बाकीच्या सगळ्यांच्या डोळ्यांवर जाळ्या. माझा दीर पंख लावून तयार होता, हातात डोकं होतं. त्यानं ते डोकं पडवीतल्या खुंटीला अडकवलं आणि स्वतःच्या उघड्या, टकलू, घामेजल्या तोंडानं तिच्या पुढं जाऊन उभा राहिला. “डावीकडे खड्डा… आता सरळ… गाय आहे, थांब… चल.” सबंध रस्ताभर हेच. दुकानांतून लोक बाहेर आले, हसले, फोटो काढले. कोल्ह्याला टाळ्या मिळाल्या, अस्वलाला शिट्ट्या. पण ती उंच बाई समोरून जायची तेव्हा लोक अर्धं पाऊल मागे सरायचे. भाजी घेऊन निघालेल्या एका आजींनी पिशवी खाली ठेवून तिला नमस्कार केला. कोण आहे, काय आहे, कोणी विचारलं नाही. मी आणि हे, आम्ही दोघं रांगेच्या शेवटी चालत होतो. बावीस वर्षांच्या संसारात रस्त्यात कधी माझा हात न धरलेल्या माझ्या नवऱ्यानं तो त्या दिवशी धरला होता. “आपला आहे तो,” एवढंच ते म्हणाले, आणि मला इतकं भरून आलं की पुढचं दिसेना.

परत फाटकाशी आल्यावर कमलनं मुखवटा उतरवला. दोन्ही हातांत धरून ती क्षणभर इकडंतिकडं बघत राहिली. पडवीची बाकं रिकामी होती, तिथं ठेवला नाही. वडील चार पावलांवर उभे होते, त्यांच्याकडेही बघितलं, आणि मग वळून तो तिनं माझ्या दिराच्या हातांत दिला. ती तशीच पाणी प्यायला विहिरीकडे गेली.

म्हातारबाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बघत होते ते दिराकडे, बोलत होते माझ्याशी. “आमच्यात सोंग उतरवला का खाली नाय ठेवत,” ते सावकाश म्हणाले. “घरच्याच माणसाचे हातात देतात.”

सोंग म्हणाले. मी ऐकलं. दिरानंही ऐकलं असणार, कारण तो मुखवटा छातीशी धरून, पंख लोंबत, तसाच उन्हात उभा राहिला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुढं झाले आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. सगळाच काही घाम नव्हता.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “हे आता ठेवायचं कुठे?”

“ठेवायचं नाही, भाऊजी,” मी म्हटलं. “धरून उभे राहा.”